पालि साहित्यातील पुष्पवर्ण

चैत्र-वैशाखात बागा फुलतात आणि वैशाख पौर्णिमेला ती फुले विहारात येतात. त्या वेळी पांढरा रंग म्हणजे शुद्धी, पिवळा म्हणजे मध्यम मार्ग, असे अर्थ उपासकांना सांगितले जातात. हे अर्थ बुद्धवचनात आहेत काय?

या प्रश्नाचा विचार करताना दीघनिकायातील महापरिनिब्बानसुत्त विशेष उपयोगी पडते. त्यात वैशालीचे लिच्छवी निळ्या, पिवळ्या, तांबड्या व पांढऱ्या वेशांत भगवंतांच्या भेटीस येतात. तेथे रंग हे केवळ वैभवाचे द्योतक आहेत. पुढे त्याच सुत्तात आठ अभिभायतनांचे, म्हणजे रूपावर प्रभुत्व मिळविण्याच्या ध्यानावस्थांचे, विवेचन येते. त्यात निळ्यासाठी जवसाचे फूल, पिवळ्यासाठी कणिकार आणि तांबड्यासाठी बंधुजीवक, म्हणजे आपल्याकडील दुपारी, यांचा दाखला आहे. पांढऱ्यासाठी मात्र फूल नसून ओसधी तारका आहे. येथे फूल हे एखाद्या सद्गुणाचे प्रतीक नव्हे. निर्भेळ रंग कसा असतो, हे दाखविणारे ते माप होय.

इ. स. 5व्या शतकात आचार्य बुद्धघोषांनी विसुद्धिमग्गात हीच दृष्टी अधिक स्पष्ट केली. नीलकसिणाच्या भावनेसाठी नीलकमळ, गोकर्ण अशी फुले करंडीत अशा रीतीने पसरावीत की केसर आणि देठ दिसू नयेत. फुलाचे फूलपण मागे पडावे, केवळ रंग उरावा आणि त्यावर चित्त स्थिरावे, हा त्यामागील हेतू.

मग आजचे अर्थ आले कोठून? बौद्ध ध्वज 1885 साली वैशाख पौर्णिमेला कोलंबोत फडकला. त्यातील रंगांचा आधार अट्ठकथांतील षड्वर्ण रश्मींमध्ये सापडतो. परंतु एकेका रंगाला एकेक गुण जोडण्याची रीत आधुनिक आहे. पालि तिपिटकात तशी जोडणी आढळत नाही. म्हणून ती त्याज्य ठरते असे नाही. मात्र ती बुद्धवचन म्हणून सांगणे योग्य नव्हे.

कुसिनारा येथे शालवृक्ष अकाली बहरले आणि त्यांची फुले तथागतांच्या देहावर पडू लागली, तेव्हा धम्माप्रमाणे आचरण हीच श्रेष्ठ पूजा, असे त्यांनी आनंदांना सांगितले. फूल कोणत्या रंगाचे आहे, याला त्या उपदेशात स्थानच नाही.