मिस्त्री येणार, घर तयार आहे?

फॅन बंद पडलाय, मिस्त्रीला फोन केलाय, तो म्हणतो, "अर्ध्या तासात पोचतो." आता आपली पळापळ सुरू! पण ही पळापळ जुनी आहे बरं का.

बीडजवळचं पाली घ्या, बिंदुसरा धरणाच्या शेजारचं गाव. 1948 च्या सप्टेंबरपर्यंत हा सगळा मुलूख निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. मराठी मुलखातल्या गावांत सुतार, लोहार, कुंभार हे बलुतेदार. त्यांना प्रत्येक कामाचे रोख पैसे नसायचे, सुगीला खळ्यावर धान्य मिळायचं. त्रिंबक नारायण आत्रे यांनी 1915 च्या 'गावगाडा'त हा व्यवहार तपशिलात मांडलाय.

शिवाय फिरते कारागीर यायचे. कल्हईवाल्याची हाक आली की बायका पितळी भांडी रिकामी करून, घासून, मोजून बाहेर ठेवायच्या. तो अंगणात भाता लावायचा, भांडं तापवून नवसागर टाकायचा आणि कापसाच्या बोळ्याने कथील फिरवायचा. कल्हई उडाली की आंबट वरणसुद्धा कळकायचं, म्हणून हे काम टाळून चालायचं नाही. पिंजारी यायचा असेल तर गादी आधीच उसवायची. जात्याला टाकी लावायची तर पीठ झाडून ठेवायचं, आणि टाकी लावल्यावर पहिलं दळण खायचं नाही, कारण त्यात दगडाची कच असते.

पण तयारीत आणखी एक गोष्ट असायची: कोणी कुठपर्यंत यायचं? कोणी ओसरीपर्यंत, कोणी वाड्याच्या ढेलजेपर्यंत, तर कोणी अंगणाबाहेरच. कोणाला पाणी वरून ओतायचं, हे जातीवरून ठरायचं. ज्या हातांनी घर चालायचं, त्याच हातांना घराचा पेला शिवायला बंदी!

26 जानेवारी 1950 ला राज्यघटना लागू झाली आणि कलम 17 ने अस्पृश्यता संपवली. कायद्यात. आता स्वतःच्या घरात बघा. मिस्त्रीसाठी वेगळा ग्लास आहे का? "लिफ्ट नको, जिन्याने या" असं आपण म्हणतो का?

तर मंडळी, गजबजलेल्या गल्लीत मिस्त्रीला बोलवाल तेव्हा एवढं करा. पत्त्यासोबत खूण सांगा, गाडी कुठे लावायची ते सांगा. कामाची जागा मोकळी करा, मेन स्विच दाखवा. मजुरी आधी बोलून घ्या आणि काम झालं की लगेच द्या.

आणि पाणी द्या. आपण पितो त्याच ग्लासात.

भेटू पुढच्या भागात!