निवासमंडपाच्या चांदीच्या उथळ्या

महोत्सवांना आपण धातूंचीं नांवें देतों: कोणाचा रौप्यमहोत्सव, कोणाचा सुवर्णमहोत्सव. पवित्र शास्त्रांतहि एका देवगृहाच्या बांधणीचा वृत्तान्त धातूंच्या हिशेबाशीं येऊन ठेपतो. मोशेनें रानांत उभारलेल्या निवासमंडपाचें काम कसें पुरें झालें, हें निर्गमाच्या शेवटच्या सहा अध्यायांत (35 ते 40) सांगितलें आहे. फळ्या, कड्या व पडदे ह्यांच्या मोजमापांना कंटाळून पुष्कळ वाचक हा भाग ओलांडून जातात. परंतु धर्मग्रामाच्या महोत्सवाचे वेळीं मननास इतका योग्य असा भाग क्वचितच सांपडेल.

प्रथम लांकूड पाहूं. चांद्याच्या अरण्यांतला साग सर्वत्र नांवाजलेला. पण इस्राएल लोक होते ओसाड रानांत, आणि मंडपाच्या फळ्या झाल्या त्या बाभळीच्या. देवानें लोकांपाशीं जें होतें तेंच मागितलें. स्त्रियांनीं बकऱ्यांच्या केसांचें सूत कातलें. द्वारापाशीं सेवा करणाऱ्या स्त्रियांनीं आपले आरसे दिले, त्यांचें गंगाळ घडलें. थोड्याच दिवसांपूर्वीं ह्याच लोकांनीं कानांतलीं कुंडलें काढून सोन्याचें वासरूं केलें होतें. तेच हात आतां देवाच्या कामीं इतके सढळ झाले कीं, आणणें पुरे करा, असें मोशेला सांगावें लागलें.

मग हिशेब. सोनें भरलें 29 किक्कार व 730 शेकेल. तें ज्याच्या त्याच्या इच्छेनें आलें. चांदीची गोष्ट निराळी. वीस वर्षें व त्यावरील वयाच्या प्रत्येक पुरुषानें अर्धा शेकेल द्यावा. श्रीमंतानें अधिक देऊं नये, गरिबानें कमी देऊं नये, अशी आज्ञा होती. 6,03,550 पुरुषांची चांदी 100 किक्कार व 1,775 शेकेल झाली. किक्कार म्हणजे 3,000 शेकेलांचें वजन. शंभर किक्कारांच्या शंभर उथळ्या ओतल्या. म्हणजे एकेका उथळींत सहा हजार माणसांचे अर्धे शेकेल वितळून एक झाले. उरलेल्या 1,775 शेकेलांच्या खांबांच्या आंकड्या केल्या. कांहींहि हिशेबाबाहेर राहिलें नाहीं.

सोन्यानें मढविलेल्या फळ्या ह्याच उथळ्यांवर उभ्या होत्या. सोनें डोळ्यांत भरे. उथळ्या खालीं जमिनीशीं असत. त्यांतील कोणती चांदी कोणाची, हें मोशेलाहि सांगतां आलें नसतें. पण त्यांवांचून सोन्याची एकहि फळी उभी राहिली नसती.

महाराष्ट्रांत हा वृत्तान्त कोंकणच्या बेने-इस्राएल बांधवांच्या सभास्थानांतून पिढ्यान्‌पिढ्या वाचला गेला. त्यांचें मुंबईंतील पहिलें सभास्थान 1796 सालचें. आपल्या चांदा धर्मप्रांताचा इतिहास अलीकडचा. 1962 सालीं हें मिशनक्षेत्र सी. एम. आय. संघाच्या धर्मगुरूंकडे सोंपविलें गेलें. केरळ व त्यालगतच्या प्रदेशांबाहेर सीरो-मलबार ख्रिस्तसभेला मिळालेलें हें पहिलें मिशनक्षेत्र. 1977 सालीं धर्मप्रांत झाला, आणि बिशप जानुआरियुस पालत्तुरुत्ती त्याचे पहिले धर्माध्यक्ष झाले. इतिहासांत हीं नांवें राहतील, आणि राहावींत. परंतु ज्या मातेनें लेकरांना क्रुसाची खूण शिकविली, ज्या कामगारानें पाळी संपवून प्रार्थनेची वाट धरली, त्यांचीं नांवें कोणत्या शिलेवर आहेत? गडचांदूर हें चुनखडीचें व सिमेंटाचें गांव. पायांत गेलेलें सिमेंट पुन्हां दृष्टीस पडत नाहीं, हें येथें कोणास सांगावयास नको.

दुसऱ्या वर्षाच्या पहिल्या महिन्याच्या पहिल्या दिवशीं मंडप उभा राहिला. मेघानें तो व्यापिला, आणि मोशेलाहि आंत जातां येईना. ज्यानें उभारलें तोच बाहेर थांबला. पुऱ्या झालेल्या मंदिरावर बांधणाऱ्याचा हक्क राहत नाहीं, तर देवाचा असतो. मोठ्या देणगीदारानेंहि हें विसरूं नये. पुढें मेघ वर उचलला गेला कीं मंडप सोडून मुक्काम हाले, आणि त्या उथळ्या वाहण्याचें काम मरारीच्या कुळाकडे असे. चांदी एकदां दिली, पण ओझें दर मुक्कामाला वाहावें लागलें.

आपल्या सीरियन परंपरेच्या उपासनावर्षाचा शेवटचा काळ मंदिरसमर्पणाचाच आहे. त्या काळीं, व ह्या महोत्सवींहि, प्रत्येकानें आपला अर्धा शेकेल कोणता हें मनाशीं पाहावें, आणि पूर्वजांनीं ठेविलेल्या उथळ्या पुढच्या मुक्कामापर्यंत वाहून नेण्याचें बळ प्रभूनें आपणांस द्यावें, हीच त्याच्या चरणीं प्रार्थना.