पाटीची पेन्सिल, माती, कच्चे तांदूळ खावेसे का वाटतात?

कुडुमकुडुम आवाज करत पाटीची पेन्सिल किंवा भाजलेली माती खाणाऱ्यांचे रील्स तुमच्याही फीडमध्ये कधीतरी आले असतील. खाली कमेंट्समध्ये काहीजण ‘शी!’ म्हणतात, काहीजण ‘मलाही खूप आवडते’. आवडणाऱ्यांनी एकदा रक्त तपासून घ्यायला हवं.

जे अन्नच नाही, ते महिनाभर किंवा जास्त काळ खात राहणं म्हणजे ‘पायका’. अ‍ॅनोरेक्सिया, बुलिमियाप्रमाणे हाही खाण्याशी संबंधित विकार आहे. दोन वर्षांखालची मुलं यात धरत नाहीत. कच्चे तांदूळ आणि बर्फ हे खायचेच पदार्थ, पण त्यांची अनावर तलफ असेल तर डॉक्टर तिच्याकडेही याच नजरेने बघतात.

चरकसंहितेत पांडुरोगाचे पाच प्रकार दिलेत, त्यातला पाचवा माती खाल्ल्याने होणारा. माती खाणारं माणूस फिकट पडतं, हे निरीक्षण इतकं जुनं आहे! आजचं वैद्यक याची दुसरी बाजूही सांगतं : शरीरातलं लोह कमी झालं की अशी तलफ लागते, आणि लोहाच्या गोळ्या सुरू केल्यावर अनेकांची ती काही दिवसांत किंवा आठवड्यांत ओसरते. त्यात काही प्रकारची माती अन्नातलं लोह शरीराला मिळू देत नाही. म्हणजे कमतरतेमुळे माती आणि मातीमुळे आणखी कमतरता.

शिवाय दात झिजतात, बद्धकोष्ठ होतो, क्वचित आतडं तुंबून ऑपरेशनची वेळ येते. मातीतून जंतांची अंडी पोटात जातात, कधी शिसंही. गरोदर बाईच्या रक्तातलं शिसं बाळापर्यंत पोहोचतं.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (2019-21) महाराष्ट्रात 15 ते 49 वयाच्या निम्म्याहून अधिक महिलांना अ‍ॅनिमिया आहे. उरण तालुक्यातल्या चिरनेरसारख्या भातशेतीच्या गावात निवडता निवडता सुपातले तांदूळ तोंडात टाकणारी बाई कुणाच्या नजरेत भरणार? गरोदर असेल तर ‘डोहाळे’ म्हणून कौतुक, शाळकरी मुलगी असेल तर ओरडा. ओरडा खाल्लेली मुलगी मग लपून खाते आणि डॉक्टरांनाही सांगत नाही.

हिमोग्लोबिनची तपासणी सरकारी आरोग्य केंद्रात होते. ते नॉर्मल आलं तरी साठवलेलं लोह कमी असू शकतं, त्यासाठी फेरिटिनची वेगळी तपासणी असते. गोळ्या डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्या आणि घेताना चहा टाळा. लोह भरून निघाल्यावरही सवय सुटत नसेल, तर मानसोपचारतज्ज्ञांना भेटा किंवा ‘टेली-मानस’च्या 14416 या मोफत क्रमांकावर मराठीत बोला.