शंभर व्हायोलिन्स कुठे गेली?

अमेरिकेत १९६५ चा इमिग्रेशन कायदा झाला आणि त्यानंतरच्या दहा-बारा वर्षांत आपली बरीच मंडळी न्यू जर्सीत येऊन स्थिरावली. त्या काळच्या आमच्या ओळखीच्या घरांतून एक रेडिओ स्टेशन हमखास लावलेले असे, ते म्हणजे डब्ल्यूपीएटी. स्टेशन पॅटर्सन गावचे, पण ऐकू यायचे साऱ्या न्यूयॉर्क परिसरात. दिवसभर वाद्यवृंद चालू. व्हायोलिन्सचा मोठा ताफा, मागे हलकासा ताल, मध्येच एखादे गाणे, आणि बोलणे जवळजवळ नाहीच. आपल्या लोकांना ते आवडण्याचे कारण साधे होते. इंग्रजी येत होते, पण इथल्या डिस्क जॉकीचे भरधाव बोलणे कानावरून जाई, आणि रॉक संगीताला कान तयार झालेला नव्हता. शब्दांवाचून वाजणारी सुरावट मात्र परकी वाटत नसे. पुण्याच्या एनॉक डॅनियल्स यांचे अ‍ॅकॉर्डियन आणि व्हॅन शिप्ले यांची गिटार ज्यांनी रेकॉर्डवर ऐकली होती, त्यांना ‘गाण्याची नुसती धून’ हा प्रकार घरचाच होता.

या संगीताला रेडिओच्या धंद्यात ‘ब्यूटिफुल म्युझिक’ म्हणत. पुढे ‘ईझी लिसनिंग’ हे नाव पडले. आज अमेरिकेच्या व्यापारी रेडिओवर ते शोधूनही सापडणे कठीण. नव्या पिढीला वाटते, कुणी ऐकेना म्हणून बंद पडले असेल. प्रत्यक्षात १९७० च्या दशकाच्या अखेरीस अनेक मोठ्या शहरांत अशी स्टेशने श्रोतृसंख्येत पहिल्या काही क्रमांकांत असत. श्रोते असताना हे संगीत गेले, आणि ते का गेले हे समजून घेतले की ‘जुनी गाणी’ का टिकून राहिली याचाही उलगडा होतो.

या संगीताला जागा मिळाली ती एफएम नावाच्या रिकाम्या घरात. १९५० च्या दशकात रेडिओ म्हणजे एएम. एफएमचा आवाज स्वच्छ, पण तो ऐकू येणारे संच थोड्या घरांत. ज्यांच्याकडे दोन्ही परवाने होते ते मालक एएमचाच कार्यक्रम एफएमवर सोडून देत. १९६१ मध्ये सरकारी नियामक मंडळाने, म्हणजे एफसीसीने, एफएमवर स्टिरिओला परवानगी दिली. १९६४ मध्ये त्याच मंडळाने नियम केला की एक लाखाच्या वर वस्तीच्या शहरात एकाच मालकाच्या एफएमने निम्म्याहून अधिक वेळ एएमची नक्कल करायची नाही. मालकांनी कुरकुर केली, अंमलबजावणी लांबली, पण अखेर त्यांना एफएमसाठी काहीतरी वेगळे आणि स्वस्त असे शोधावेच लागले. वाद्यवृंदाच्या रेकॉर्डी बाजारात मुबलक होत्या, त्या वाजवायला नावाजलेला निवेदक लागत नव्हता, आणि स्टिरिओमध्ये व्हायोलिन्स खुलून येत. फिलाडेल्फियात १९६३ च्या मे महिन्यात सुरू झालेल्या डब्ल्यूडीव्हीआर या स्टेशनाने, मार्लिन टेलर यांच्या हाताखाली, हे चालते एवढेच नव्हे तर उत्तम चालते, असे दाखवून दिले. त्याआधी, १९५९ मध्ये, सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीकाठी केएबीएल हे एएम स्टेशन याच वळणावर नेणारे गॉर्डन मॅक्लेंडन हे तर पोरासोरांच्या ‘टॉप फॉर्टी’ रेडिओचेही एक आद्य प्रवर्तक. धंदेवाईक माणसाला दोन्ही डगरींवर हात ठेवता येतो, तो असा.

‘म्हाताऱ्यांचे संगीत’ हा शिक्का पुढे बसला. जन्मतः तो नव्हता. मँटोव्हानी यांच्या वाद्यवृंदाने १९५१ मध्ये ‘शार्मेन’ वाजवले, तेव्हा एकाच सुरावटीचे थेंब एका व्हायोलिनगटावरून दुसऱ्यावर ओघळावेत अशी जी जादू झाली, ती रॉनल्ड बिंज या संयोजकाची. हे ओघळते व्हायोलिन नंतर कितीजणांनी उचलले त्याला गणती नाही. १९६० मध्ये पर्सी फेथ यांची ‘अ समर प्लेस’ या चित्रपटाची धून बिलबोर्डच्या यादीत नऊ आठवडे पहिली होती, आणि १९६८ मध्ये, बीटल्सच्या भर बहरात, पॉल मोरिया यांची ‘लव्ह इज ब्लू’ पाच आठवडे.

इथे एक घोटाळा दूर करायला हवा. लिफ्टमध्ये वाजते ते ‘म्यूझॅक’ आणि रेडिओवरचे हे संगीत एक नव्हे. म्यूझॅक ही कंपनी. जॉर्ज स्क्वायर या लष्करी अधिकाऱ्याने तारेवरून संगीत पुरवण्याची कल्पना काढली आणि ‘म्युझिक’ व ‘कोडॅक’ यांची मोट बांधून १९३४ मध्ये हे नाव ठेवले. कारखान्यातल्या कामगाराचा हात मंदावू नये म्हणून तिथे पंधरा मिनिटे चढत्या क्रमाचे संगीत आणि मग पंधरा मिनिटे शांतता, असे वेळापत्रक असे. तिथे ऐकणाऱ्याला निवड नव्हती. रेडिओ मात्र माणूस आपल्या हाताने लावतो. अर्थात दोघांचे नाते होते, हेही खरे. १९५५ पासून एफएम स्टेशनांना आपल्या लहरीच्या कडेला एक गुप्त उपलहरी भाड्याने द्यायची मुभा मिळाली, आणि तिच्यावरून दुकानांना नि दवाखान्यांना पार्श्वसंगीत जाई. आपल्यापैकी काहींना आठवत असेल, १९९० च्या दशकात न्यूयॉर्क परिसरात चोवीस तास हिंदी गाणी ऐकायची तर वेगळा डबा विकत घ्यावा लागे. तो डबा अशीच उपलहरी पकडायचा! दंतवैद्याच्या खुर्चीतले व्हायोलिन आणि आपल्या स्वयंपाकघरातला रफी एकाच मागच्या दाराने आले.

या संगीताचे शास्त्र बनवले ते जिम शुल्के यांनी. त्यांची कंपनी तयार टेपा स्टेशनांना पुरवी. कोणत्या धुनेनंतर कोणती यावी, लय कुठे चढावी नि कुठे उतरावी, गायलेले गाणे किती वेळाने यावे, हे सारे ठरलेले. जाहिराती किती घ्याव्यात यावरही शुल्के यांचा दंडक चाले. दोन-तीन मोठी टेपयंत्रे आळीपाळीने चालत. प्रत्येक धुनेच्या शेवटी माणसाला सहसा जाणवणार नाही इतका खर्जातला, पंचवीस हर्ट्झचा, स्वर नोंदलेला असे, आणि तो आला की दुसरे यंत्र आपोआप सुरू होई. रात्रभर स्टेशनात एखादाच माणूस असला तरी भागे. शिवाय श्रोते मोजणाऱ्या आर्बिट्रॉन कंपनीची वही पाव तासाच्या हिशेबाने चाले. पाव तासात पाच मिनिटे ऐकले तरी तो पाव तास स्टेशनाच्या खात्यावर जमा. आठ-आठ तास पाठीमागे रेडिओ चालू ठेवणाऱ्या गृहिणी, दुकानदार, कचेऱ्या यांच्या वह्यांतून मग या स्टेशनांचे आकडे फुगत.

या फुगलेल्या आकड्यांतच पुढची अडचण होती. जाहिरात विकत घेणाऱ्या एजन्सीला एकूण डोकी नको होती. तिला पंचवीस ते चौपन्न या वयोगटातली हवी होती. या वयात माणूस घर घेतो, साबणाचा ब्रँड बदलतो. पंचावन्नाव्या वर्षी त्याच्या सवयी पक्क्या झालेल्या असतात, असे गृहीतक. (खिशात पैसा नेमका तेव्हा येतो, हे एजन्सीतल्या तिशीच्या पोरांना कोण सांगणार? मी त्या वयोगटातून बाहेर पडल्याला बरीच वर्षे झाली, तेव्हा माझे मत धरू नये.) १९८० च्या दशकात या संगीताचा श्रोता दर वर्षी एक वर्षाने म्हातारा होत गेला आणि तरुण काही येईना. पहिल्या-दुसऱ्या क्रमांकाचे स्टेशन असूनही जाहिरातींचे दर पडू लागले.

तरुण का येईना? माझ्या मते दोन कारणे. पहिले, माल आटला. वाद्यवृंद ध्वनिमुद्रित करणे खर्चाचे आणि रेकॉर्ड कंपन्यांना त्यात राम उरला नाही. शेवटी टेप पुरवणाऱ्या कंपन्यांनी ब्रिटनमधल्या वादकांकडून स्वतःच धुना वाजवून घेतल्या. दुसरे कारण अधिक खोल. नवी गाणी मुळातच मऊ झाली होती. कार्पेंटर्सचे गाणे इतके हळुवार, की व्हायोलिनवर त्याची नक्कल कशाला ऐकायची? मूळच वाजवावे. म्हणून १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात एकामागून एक स्टेशनांनी धुना काढून ‘सॉफ्ट रॉक’ घेतले. न्यूयॉर्कचे डब्ल्यूआरएफएम १९८६ मध्ये नाव बदलून तिकडे गेले. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत बहुतेक सारी संपली. आमचे डब्ल्यूपीएटीही आधी गाण्यांकडे वळले होते, आणि १९९६ मध्ये त्याचे एफएम स्पॅनिश झाले. तेही योग्यच म्हणायचे. पॅटर्सन परिसरात तोवर तीच वस्ती वाढली होती.

आता जुन्या गाण्यांकडे येऊ. न्यूयॉर्कच्या डब्ल्यूसीबीएस-एफएम या स्टेशनाने १९७२ मध्ये ‘ओल्डीज’ सुरू केले. तेव्हा जुने म्हणजे १९५५ नंतरचे रॉक अँड रोल, म्हणजे जेमतेम दहा-पंधरा वर्षांपूर्वीचे! ३ जून २००५ रोजी मालकांनी ते अचानक बंद करून तिथे ‘जॅक’ नावाचा, निवेदकाविना सरमिसळ गाण्यांचा प्रकार आणला. न्यूयॉर्ककर खवळले, आकडे घसरले, आणि जुलै २००७ मध्ये जुने स्टेशन परत आले. ही गोष्ट लोकशक्तीचा विजय म्हणून सांगतात. मात्र परत आलेल्या स्टेशनावर काय वाजू लागले हे कुणी ऐकले का? १९५० च्या दशकातली गाणी जवळजवळ गायब. ‘ओल्डीज’ हा शब्दही मागे पडून ‘क्लासिक हिट्स’ आले. पुढे साठचे दशक विरळ झाले, आणि हळूहळू १९८० आणि १९९० च्या दशकांनी जागा घेतली. स्टेशन जोरात चालले. ज्यांच्यासाठी ते १९७२ मध्ये निघाले होते, ते श्रोते मात्र वाटेत उतरवले गेले.

म्हणजे ‘जुने गाणे’ ही संगीताची जात नाही. ते ऐकणाऱ्याच्या पंधराव्या-विसाव्या वर्षाचे दुसरे नाव आहे. दर दहा वर्षांनी चाळिशीत शिरणारी नवी पिढी आपली पंधरावी वर्षे बरोबर घेऊन येते, म्हणून हा धंदा अक्षय. मँटोव्हानीचे असे झाले नाही, कारण धुनेशी कुणाचे पंधरावे वर्ष जोडलेले नव्हते. कॉलेजात पहिल्यांदा प्रेमात पडताना कुणी वाद्यवृंदाची नक्कल ऐकत नाही, मूळ गाणे ऐकतो. धून ही पाहुणी म्हणून गोड. आठवण मूळ गाण्याकडे जाते. आवाज असूनही वाचले नाहीत ते सिनात्रासारख्यांचे रेडिओ. न्यूयॉर्कचे डब्ल्यूएनईडब्ल्यू डिसेंबर १९९२ मध्ये विकले गेले आणि तिथे ब्लूमबर्गच्या व्यापारी बातम्या आल्या. त्याची गादी डब्ल्यूक्यूईडब्ल्यूने त्याच महिन्यात चालवायला घेतली, पण डिसेंबर १९९८ मध्ये तेही मुलांच्या रेडिओ डिस्नेला गेले. तिथे आठवण होती, पण ती बाळगणारे चौपन्नच्या पलीकडे पोचले होते.

आपल्या मंडळांतही हे सरकणे चालूच आहे. सत्तरच्या दशकात हौशी मंडळी जुन्या गाण्यांचा कार्यक्रम करीत तो सैगल-पंकज मलिकचा. नंतर त्याच नावाखाली लता-रफी आले, मग किशोरकुमार-आर. डी. बर्मन. आता जाहिरातपत्रकावर नव्वदच्या दशकातली गाणी ‘सदाबहार’ म्हणून छापलेली दिसतात आणि मागच्या रांगेतले आजोबा शेजाऱ्याला विचारतात, हे जुने कधीपासून झाले? तिकिटे घेणारे चाळिशीतले आहेत, तेव्हा संयोजकांना बोल लावता येत नाही. पण सत्तरीत मुलांकडे येऊन राहिलेल्या, गाडी न चालवणाऱ्या, दुपारभर एकट्या असणाऱ्या आई-वडिलांसाठी कार्यक्रम कुणी ठरवायचा, हा हिशेब एजन्सीच्या वहीत बसत नाही तसा आपल्याही बसत नाही.

बॉस्टनजवळच्या केंब्रिजमध्ये बॉब बिट्नर या गृहस्थांनी तो निराळ्या रीतीने सोडवला. १९९१ मध्ये त्यांनी ७४० वरचे एक लहानसे एएम स्टेशन विकत घेतले आणि त्याला डब्ल्यूजेआयबी हे नाव घेतले. बॉस्टनच्या एफएमवर पूर्वी व्हायोलिन्स वाजवणाऱ्या, तोवर बुडालेल्या स्टेशनाचे ते नाव. धुना, जुनी गाणी, सिनात्रा, जे आवडेल ते त्यांनी वाजवले. जाहिराती घेतल्या नाहीत. श्रोत्यांच्या देणग्यांवर भागवले. जाहिरात नाही म्हटल्यावर श्रोत्याचे वय विचारायचे कारणच उरले नाही. बिट्नर २०२३ मध्ये वारले, तोवर हा कारखाना तीस वर्षांहून अधिक काळ चालला होता.