सिकलसेल : एका चुकीच्या मण्याचा इतिहास



दाभोसा, जव्हार, मोखाडा भागातील पाड्यांवर हाडे-सांधे दुखण्याची तक्रार नवी नाही. वीटभट्टीचे काम, भातलावणी यांवर तिचे खापर फुटते. कधी बाहेरची बाधा समजून भगताकडे नेले जाते. पण यातील काहींच्या दुखण्याचे मूळ रक्तात असते. तो आजार म्हणजे सिकलसेल.

१९१० मध्ये शिकागोचे डॉ. जेम्स हेरिक यांनी ग्रेनाडा बेटावरून आलेल्या एका विद्यार्थ्याच्या रक्ताचे वर्णन प्रसिद्ध केले. त्याच्या काही लाल पेशी गोल नसून विळ्यासारख्या होत्या. इंग्रजीत विळ्याला सिकल म्हणतात, त्यावरून पुढे हे नाव पडले.

पेशी वाकते का, हे कळायला आणखी चार दशके लागली. १९४९ मध्ये लायनस पॉलिंग आणि सहकाऱ्यांनी दाखवले की दोष पेशीतल्या हिमोग्लोबिन या प्रथिनात आहे. एका रेणूतील बदलामुळे आजार होतो, हे तेव्हा प्रथमच सिद्ध झाले. मग व्हर्नन इंग्रॅम यांनी १९५६-५७ मध्ये नेमकी जागा शोधली. हिमोग्लोबिनची बीटा साखळी १४६ मण्यांची असते. त्यातील सहावा मणी तेवढा बदललेला होता.

एका मण्याने एवढे काय बिघडते? प्रथिने एकमेकांना आकारावरून आणि पृष्ठभागावरच्या खाचांवरून ओळखतात. जिथे जुळते तिथेच चिकटतात. पेशीचे बरेचसे काम या ओळखीवर चालते. हिमोग्लोबिनच्या रेणूंनी मात्र एकमेकांपासून सुटे राहायचे असते. बदललेला मणी, ऑक्सिजन सोडल्यावर, शेजारच्या रेणूच्या खाचेत नेमका बसतो. तारपा नाचात एकमेकांना धरून रांग वाढत जावी, तशी रेणूंची लांब ताठ दोरी होते. पेशी वाकते, बारीक रक्तवाहिनीत अडकते आणि असह्य कळा येतात.

भारतात १९५२ मध्ये निलगिरीतील आदिवासींमध्ये या पेशी आढळल्याची नोंद झाली. १९५४ मध्ये अँथनी ॲलिसन यांनी आफ्रिकेतील अभ्यासातून दाखवले की वाहकांना गंभीर मलेरियापासून संरक्षण मिळते. म्हणूनच मलेरियाच्या पट्ट्यांत हा बदल पिढ्यानपिढ्या टिकला. तेव्हा यात कुणाच्या घराण्याचा दोष नाही आणि शापही नाही.

आता तुमच्यासाठी महत्त्वाचे. वाहक व्यक्ती सहसा ठणठणीत असते. पण आई-वडील दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता २५ टक्के असते. म्हणून लग्नाआधी रक्त तपासा. जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात चौकशी करा. वाहक आहे म्हणून मुलीला नाकारू नका. मुलाचीही तपासणी करा. दोघेही वाहक असाल, तर दिवस राहताच डॉक्टरांना सांगा. गर्भाची तपासणी करता येते.

आजार असेल तर भरपूर पाणी प्या, थंडीपासून जपा. ताप, धाप किंवा छातीत दुखणे सुरू झाले तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. हायड्रॉक्सीयुरिया हे औषध बाळपणीचे हिमोग्लोबिन वाढवते. ते त्या दोरीत सामील होत नाही, त्यामुळे कळा कमी होतात. मात्र हे औषध डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्या, मनाने सुरू किंवा बंद करू नका.