खिडकीवरची खिडकी

मोबाइलमध्ये काहीतरी पुसायला जावं, की मधोमध चौकट येते: ‘नक्की?’ उत्तर दिल्याशिवाय मागचं काही हलत नाही. अशा अडवणाऱ्या अवस्थेला संगणकवाले ‘मोड’ म्हणतात, आणि लॅरी टेस्लर या माणसाचा मोडला कडवा विरोध होता. त्याच्या गाडीच्या नंबरप्लेटवरही ‘नो मोड्स’ असंच होतं. १९७०च्या दशकात झेरॉक्सच्या पालो आल्टोमधल्या संशोधनकेंद्रात त्याने आणि टिम मॉटने ‘जिप्सी’ हा मजकूर-संपादक मोड टाळूनच रचला. १९८०मध्ये टेस्लर अ‍ॅपलमध्ये गेला आणि ‘लिसा’ या संगणकावर काम करू लागला. १९८३मध्ये लिसा बाजारात आली, तेव्हा तिच्यात अशा चौकटी, म्हणजे डायलॉग, होतेच. काही प्रश्नांना थांबून उत्तर घेण्यावाचून इलाज नसतो.

१९८५च्या पहिल्या विंडोजमध्ये प्रोग्रॅमच्या खिडक्या शेजारी-शेजारीच मांडल्या जात. दुसऱ्यावर चढण्याची मुभा फक्त डायलॉगला होती. पुढे डायलॉगमधल्या बटणातूनही डायलॉग उघडू लागले: प्रिंट, त्यातून प्रिंटरची मांडणी, त्यातून आणखी बारकावे. मोठ्या पडद्यावर मागच्या चौकटींच्या कडा तरी दिसायच्या. फोनवर दुसरी चौकट पहिलीला झाकूनच टाकते आणि आपण कुठून आलो तेच कळेनासं होतं.

आत रचना उतरंडीची असते. सर्वांत वरचं आधी काढायचं. अँड्रॉइडवर ‘बॅक’ने वरचाच डायलॉग मिटतो. आयफोनवर एका स्क्रीनला एका वेळी एकच स्क्रीन वर दाखवता येते; दुसरी हवी असेल तर ती वरच्या स्क्रीनकडून मागवावी लागते, नाहीतर ती उघडतच नाही. अ‍ॅप बनवण्याच्या ‘फ्लटर’ या साधनात ‘पॉप’ (वरचं काढणं) एकदा जास्त झालं, तर डायलॉगसोबत खालची स्क्रीनही जाते, आणि वापरणाऱ्याने भरलेला फॉर्मही. म्हणून आतल्या डायलॉगने फक्त आपलं उत्तर घेऊन मिटावं; पुढे काय करायचं ते बाहेरच्याने ठरवावं. हा शिस्तीचा भाग मला फार मोलाचा वाटतो, कारण हरवतो तो कुणाचा तरी टाइप केलेला मजकूर.

२०१९च्या आयओएस १३ने नव्या शीटला, म्हणजे वर येणाऱ्या स्क्रीनला, कार्डाचं रूप दिलं: मागच्या स्क्रीनची वरची कड दिसत राहते, कार्ड खाली ओढलं की मिटतं. तरीही डायलॉगवर डायलॉग टाळा, असंच अ‍ॅपल आणि गूगल दोघेही सांगतात. फॉर्ममधून तारीख निवडायची चौकट उघडली तर चालतं. ती एक तारीख घेऊन परत येते. फॉर्ममधून दुसरा फॉर्म उघडायचा असेल, तर त्याला स्वतंत्र स्क्रीनच द्यावी.