'हृदयक्रिया बंद पडली' : एका नोंदीचा इतिहास

१/ मराठी वृत्तपत्रांच्या निधनवार्तांत एक वाक्य पिढ्यानपिढ्या छापले जाते : 'हृदयक्रिया बंद पडून निधन झाले.' वाक्य खोटे नाही, परंतु त्यातून कळत काहीच नाही. हृदयक्रिया तर प्रत्येक मृताचीच बंद पडते. मग तो मनुष्य गेला कशाने? या प्रश्नाचे उत्तर कागदावर उतरवण्याच्या खटाटोपाचा इतिहास आज पाहू.

२/ प्रथम तीन गोष्टी वेगळ्या करू. हृदयाची रक्तवाहिनी तुंबणे म्हणजे झटका. हृदय एकाएकी थांबणे ही दुसरी गोष्ट. तिसरी गोष्ट 'हार्ट फेल्युअर', म्हणजे हृदय निकामी होत जाणे : पायांना सूज, आडवे होताच धाप, महिनोन्महिने ओसरत जाणारी शक्ती. न्यूयॉर्कच्या हृदयरोग संस्थेने १९२८ मध्ये रुग्णाच्या त्रासावरून याच्या चार श्रेणी केल्या. २००१ मध्ये अमेरिकी तज्ज्ञांनी 'ए' ते 'डी' असे टप्पे ठरवले. 'डी' म्हणजे नेहमीच्या औषधांना दाद न देणारी, प्रगत अवस्था.

३/ मृत्यूच्या कारणांना शिस्त लावण्याचा आग्रह १८३९ मध्ये इंग्लंडच्या विल्यम फार यांनी धरला. एकाच रोगाला तीन-चार नावे आणि अनेक रोगांना एकच मोघम नाव, ही त्यांची तक्रार होती. १८९३ मध्ये शिकागो येथे जाक बर्तियों यांनी कारणांची आंतरराष्ट्रीय यादी मांडली. १९०० पासून तिच्या सुधारित आवृत्त्या निघू लागल्या. १९४८ मधील सहाव्या आवृत्तीपासून ती जागतिक आरोग्य संघटनेकडे आली. हीच आजची 'आयसीडी'.

४/ आपल्याकडे काय होते? ब्रिटिश अमलाखालील खेड्यांत मृत्यूची खबर गावकामगारांकडून वर जाई. रकाने मोजके : पटकी, देवी, ताप, हगवण, श्वसनाचे विकार, इजा आणि 'इतर सर्व'. १८९६ नंतर प्लेगची भर पडली. नोंद करणारा वैद्य नव्हे, त्यामुळे हिवतापापासून क्षयापर्यंत जे जे अंग तापवी ते 'ताप' या रकान्यात जाई. हृदयाला स्वतंत्र रकानाच नव्हता. आकडे होते, कारणे मात्र त्या एका शब्दात बुडाली.

५/ आता वसमतकडे येऊ. हा तालुका निजामाच्या हैदराबाद संस्थानातील परभणी जिल्ह्यात होता. १९४८ मध्ये संस्थान भारतात विलीन झाले. १९५६ मध्ये मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला, १९६० मध्ये महाराष्ट्रात. १ मे १९९९ रोजी हिंगोली जिल्हा झाला आणि वसमत त्यात गेले. म्हणून वसमतचा जुना मृत्युदर शोधणाऱ्या अभ्यासकाने 'हिंगोली' शोधून उपयोग नाही. १९९९ पूर्वीचे वसमत परभणीच्या बेरजेत आहे.

६/ १९६९ मध्ये जन्म-मृत्यू नोंदणीचा देशव्यापी कायदा झाला. रुग्णालयातील मृत्यूसाठी नमुना ४, घरी झालेल्या मृत्यूसाठी ४अ. शेवटच्या आजारात उपचार करणाऱ्या डॉक्टरने हे प्रमाणपत्र विनामूल्य द्यायचे. आणि गंमत पाहा : कारण लिहिण्याच्या जागीच सूचना छापलेली आहे की रोग, इजा अथवा गुंतागुंत लिहा, 'हार्ट फेल्युअर'सारखा मरणाचा प्रकार लिहू नका!

७/ असे का? एक काल्पनिक उदाहरण घेऊ. वसमत तालुक्यातील चाळिशीची शेतमजूर स्त्री धाप लागून दगावली. नीट भरलेला नमुना असा दिसेल : (अ) फुप्फुसांत पाणी, २ दिवस, (आ) हृदयाची मायट्रल झडप अरुंद, १० वर्षे, (इ) लहानपणी ऱ्हुमॅटिक ताप, ३० वर्षे. वरून खाली वाचत गेलो की आपण मृत्यूकडून उगमाकडे जातो. तिच्या मरणाची सुरुवात बालपणीच्या घसादुखीत होती, आणि ती पेनिसिलिनने टाळता आली असती. 'हार्ट फेल्युअर' एवढेच लिहिले तर ही तीस वर्षे पुसली जातात.

८/ पुढे संकेतांक देणारा कारकून समोरच्या शब्दांपलीकडे जाऊ शकत नाही. झडपेचा उल्लेख असेल तर 'आय ०५', उच्च रक्तदाबामुळे हृदय निकामी झाले असेल तर 'आय ११', आणि काहीच नसेल तर 'आय ५०.९' : हृदय निकामी, तपशील नाही. जागतिक रोगभाराचा हिशेब मांडणारे संशोधक अशा संकेतांना 'कचरा संकेत' म्हणतात, कारण त्यांतून मूळ कारण कळत नाही. जागतिक संघटनेच्या दहाव्या आवृत्तीत प्रगत अवस्थेसाठी वेगळा अंकही नाही. अमेरिकेने आपल्या आवृत्तीत तो ऑक्टोबर २०१७ पासून घातला : 'आय ५०.८४'.

९/ हा दोष केवळ डॉक्टरांच्या घाईचा नाही. २०२० मध्ये देशात सुमारे ८१ लाख मृत्यू नोंदले गेले. त्यांपैकी वैद्यकीय प्रमाणपत्र मिळाले २२.५ टक्क्यांना. उरलेल्यांचे कारण कोणा डॉक्टरने लिहिलेच नाही. प्रगत हृदयविकाराचा रुग्ण पुष्कळदा रुग्णालयातून घरी आणला जातो आणि घरीच जातो. तपासण्यांची कागदपत्रे पिशवीत राहतात. नोंदवहीत जातो तो घरच्यांनी सांगितलेला एक शब्द.

१०/ यात आपले काय अडते? हृदयाचे स्नायू ताणून निकामी करणारे काही विकार आनुवंशिक असतात. वडिलांच्या कागदावर ते नाव असेल तर मुले वेळेवर तपासणी करून घेऊ शकतात. पण कुटुंबाला मिळणाऱ्या मृत्यूच्या दाखल्यावर कारण नसते. कायद्यानेच ते उघड करायचे नाही. २०२३ च्या दुरुस्तीने मार्ग काढला : रुग्णालयाने कारणाच्या प्रमाणपत्राची प्रत जवळच्या नातलगालाही द्यायची. ही प्रत मागून घ्यावी आणि जपून ठेवावी.

११/ शंभर वर्षांपूर्वीच्या नोंदीत 'ताप' हा शब्द दिसला की आपण हळहळतो : यात हिवताप किती, क्षय किती, कोण जाणे! 'हृदयक्रिया बंद' हा आपल्या काळाचा 'ताप' आहे. फरक इतकाच, की तेव्हाच्या गावकामगाराजवळ निदानाचे साधन नव्हते. आज बहुतेकदा कागद हाताशी असतो. त्यावरची दुसरी आणि तिसरी ओळ तेवढी कोरी राहते.